चौकटीतली आठ भोकं

घड्याळवाल्याच्या घरात त्या दिवशी चौकटीला आठ भोकं होती आणि बहीण यायला सहा तास होते. एवढं सोडलं तर घरात सगळं ठाकठीक होतं.

आता भोकं म्हणजे काही बोगदे नव्हते. काडेपेटीतल्या काडीचं गुल जाईल एवढी एकेक. मागच्या खोलीच्या दाराला प्लास्टिकची चौकट होती, एके काळी पांढरी, आता जुन्या दातासारखी पिवळट. तिच्या डाव्या अंगाला चार, उजव्या अंगाला चार, दोन्हीकडे छातीच्या उंचीला, समोरासमोर. आंधळ्यानंसुद्धा हात फिरवून सांगितलं असतं की इथं आडवा दांडा होता.

आणि येणारी ताई काही आंधळी नव्हती. कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती ती, सत्तावीस वर्षं. शंभर शर्टांच्या गठ्ठ्यात एकाच्या बगलेत टाका सुटला असेल, तर नेमका तोच शर्ट कान धरून बाहेर काढणारी बाई. फोनवर तिनं लांबण लावलं नव्हतं. "बारक्या, मी येऊन बघते. अप्पांचं नीट होत नसेल तर मी त्यांना घेऊन जाणार. मग रडत बसायचं नाही."

घड्याळवाल्याचं वय बावन्न. डोक्यावरचे केस मोजता येतील इतके उरलेले. पण ताईला तो बारक्याच.

अप्पा म्हणजे या दोघांचे वडील. सगळी हयात विजेचे मीटर वाचण्यात गेली. दारोदार जायचं, मान वर करायची, आकडा वहीत उतरवायचा, पुढचं घर. नोकरी सुटून वीस वर्षं झाली, पण दोनेक वर्षांपूर्वी डोक्यातलं बाकीचं सगळं पुसट व्हायला लागलं आणि नोकरी तेवढी परत आली. दुपार झाली की अप्पा खिशात वही घालून निघायचे. कुणाच्याही घरात शिरायचे, मीटरखाली उभे राहायचे. गल्लीतले लोक चांगले. आकडा लिहून झाला की पाणी द्यायचे आणि घरी पोचवायचे.

मग एके दिवशी अप्पा मोठ्या रस्त्यावर सापडले. रस्त्याच्या कडेला नव्हे, मधोमध. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांच्या नंबरपाट्या वाचून वहीत लिहीत होते. एक ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून, शिव्या द्यायचं विसरून नुसता उभा होता.

घड्याळवाल्यानं दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून अडसर बसवला. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे चौकटीला दोन बाजूंना लोखंडी कोयंडे मारले, चार चार स्क्रूंवर, आणि त्यात दांडा आडवा टाकला. तो पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची घड्याळं उघडून बसायचा, बायको औषधांच्या गोदामात पॅकिंगला जायची. दुपारी एक ते पाच दांडा पडायचा. असं एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी त्यानं दांडा काढला, कोयंडे काढले, सगळं पोत्यात घालून भंगारात टाकून आला. भोकं मात्र भंगारात टाकता येत नाहीत.

"ताईंना सांगून टाका सरळ," बायको डबा भरता भरता म्हणाली. "खाणार आहेत का तुम्हाला?"

"मला नाही खाणार. अप्पांना नेईल."

"मग?"

"मग काय मग? तिथं पाचवा मजला. जिना उतरले तर कुठल्या अंगाला वळायचं ते तरी समजेल का त्यांना? इथं निदान गल्लीतली कुत्री ओळखतात."

"कुत्र्यांचं राहू द्या. तुम्हाला करमेल का, ते बोला."

तो डोळ्याला लावायचं भिंग हातात घेऊन उगाच पुसत बसला. लहानपणी अप्पांच्या सायकलवर पुढच्या दांडीला बसून हा गावभर मीटर वाचत फिरलेला. एकावर एक शून्य म्हणजे दहा हे शाळेत नव्हे, मीटरखाली शिकलेला. पण असलं काही सकाळच्या घाईत बायकोला सांगायचं नसतं.

"मला दहाला निघायचंय," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवायचं असेल तर तसं सांगा, म्हणजे मीही तेच बोलेन. दोघांचं वेगवेगळं नको निघायला."

"पडद्याचा दांडा होता म्हणायचं."

तिनं दाराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "बरं," म्हणाली. पण असं म्हणाली की नाही म्हटलेलं बरं.

भिंतीच्या भेगा भरायची पांढरी पुट्टी घरात होती. त्यानं पाण्यात कालवली आणि बोटानं पहिल्या भोकात दाबली. गेली. आणखी दाबली, तीही गेली. आठही भोकांनी वाडगाभर पुट्टी गिळली आणि तोंडं पुन्हा आ वासून उघडी. तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला की चौकट आतून पोकळ आहे. पुट्टी थेट तळाला. दोन तासांत ती वाळून खडे झाली आणि दार लोटलं की चौकटीतून खुळखुळ्यासारखा आवाज यायला लागला. एवढं करून भोकांच्या कडेला जी लागली होती ती पांढरीशुभ्र, पिवळ्या चौकटीवर लांबून चमकणारी. आधी भोकं शोधावी लागत होती, आता ती आपणहून नमस्कार करत होती.

अप्पा पलंगावर बसून कान देऊन ऐकत होते. "आत काहीतरी सुटलंय," ते म्हणाले. "हा मीटर बदलावा लागेल, साहेब. तसं लिहून घेतो."

"लिहा, अप्पा."

बायको गेली आणि अप्पांना एकटं ठेवायची सोय राहिली नाही. म्हणून त्यानं त्यांचा हात धरला आणि दोघं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. वाटेत तीन मीटर लागले, तिन्ही वाचून झाले. घड्याळवाल्याचा जीव घड्याळात आणि अप्पांचे पाय मीटरखाली.

हार्डवेअरवाला म्हणजे बोलायला कुणी मिळालं की वजनकाटा बाजूला ठेवणारा माणूस. "प्लास्टिकच्या चौकटीत पुट्टी? घड्याळात डांबर घालतोस का कधी?"

"उपाय सांग. दोनच्या आत वाळलं पाहिजे."

"कसली भोकं आहेत?"

"पडद्याच्या दांड्याची."

"किती उंचीला?"

त्यानं नकळत छातीवर हात ठेवला. हार्डवेअरवाल्यानं त्या हाताकडे बघितलं, मग बाकावर बसून स्क्रूच्या खोक्यावरचे आकडे वाचणाऱ्या अप्पांकडे. "छातीला पडदा," तो म्हणाला. "असेल. लोक काय काय करतात. मला काय, मी भोकं भरायचं सामान विकतो, भोकांची चौकशी नाही करत."

घड्याळवाल्याच्या कानशिलातून वाफ निघाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. भर दुपारी पडलेलं.

पण माणूस कामाचा होता. पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी त्यानं पुढे ठेवली. "ऐक नीट. चौकटीची वरची कड, जी दिसत नाही, ती पात्यानं खरवड. तिचाच कीस काढ. बाहेरचा रंग आणायला जाऊ नकोस, जुळत नाही. कीस या सोल्युशनमध्ये विरघळव, खिरीसारखा झाला पाहिजे. भोकात आधी स्पंजचा बोळा कोंब, म्हणजे खाली तळ मिळेल. मग भर. वाळला की खड्डा पडतो, म्हणून परत भर. मग बारीक कागदानं घास. चौकटीचंच अंग चौकटीला लागतं. आईलासुद्धा ओळखू यायचं नाही."

"बहिणीला?"

"बहिणीचं मी कशाला सांगू."

घरी येऊन घड्याळवाला स्टुलावर चढला. वरची कड खरवडायला लागला आणि जरा जिवात जीव आला, कारण हे काम त्याच्या हाताचं होतं. चिमट्यानं स्पंजचे बोळे कोंबले, घड्याळात तेल सोडायच्या सुईनं एकेक थेंब भरला. भिंग लावून बघितलं तर भोकाच्या कडा चौकटीत विरघळून गेलेल्या. सोल्युशनचा वास डोक्यात चढत होता म्हणून खिडकी उघडली. अप्पांनी नाक धरलं आणि म्हणाले, "कुठंतरी वायर जळतेय."

पहिला हात भरून झाला आणि फोन वाजला.

"बारक्या, गाडी मधे कुठं थांबलीच नाही. साडेबारापर्यंत पोचते."

"साडेबारा?"

"का? काही अडचण आहे?"

"छे. ये की. वाटच बघतोय."

भिंतीवर त्याची स्वतःची, दुकानातली सहा घड्याळं, सगळी एकच वेळ दाखवणारी. अकरा वाजून बावीस. त्याला वाटलं एखादं तरी मागे असतं तर बरं झालं असतं.

खड्डे पडले तसे दुसऱ्यांदा भरले. टेबलपंखा आणून चौकटीकडे तोंड करून लावला. बोटानं दाबून बघायचं, ठसा उमटायचा, तो परत भरायचा. धीर धरवत नाही त्याला वाळणंसुद्धा उशिरा होतं. बाराला कागद घेऊन घासायला बसला. घासल्यावर लांब जाऊन बघितलं. भोकं खरोखर नाहीशी झाली होती. हाताला काही लागत नव्हतं, डोळ्याला थोडंसं, म्हणजे घासल्यामुळे तेवढी जागा खरखरीत, मातकट दिसत होती. एवढंच.

इथं दुसरा कुणी असता तर हात धुऊन मोकळा झाला असता. पण हा घड्याळवाला. तीस वर्षं घड्याळाच्या काचेवरचे ओरखडे घालवलेला. काचेला ओरखडा दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. त्यानं सवयीनं काच उजळायची पेस्ट काढली, फडक्याला लावली आणि खरखरीत जागेवर गोल गोल फिरवली. फिरवत गेला. मनगटात लय आली की डोकं थांबतं. डाव्या अंगाचं काम आटपून तो मागं सरकला.

चार ठिपके आरशासारखे चकाकत होते. आजूबाजूला बारा वर्षांची मरगळलेली चौकट आणि छातीच्या उंचीला चार चांदण्या.

आता काय करायचं? धूळ चोळून बघितली, चिकटेना. चहाचं पाणी लावून बघितलं, ओघळून गेलं. मग एकच रस्ता उरला, आणि तो आगीतून फुफाट्यात जाणारा. ठिपके लपवायचे तर अख्खी चौकट चकाकली पाहिजे. डावी बाजू वरपासून खालपर्यंत घासली. बनियन पाठीला चिकटली. ती झाली तर उजवी तिच्यापुढे भिकारणीसारखी दिसायला लागली. उजवी वरून घासत घासत कमरेपर्यंत आला तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजली.

ताई आत आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी अप्पांकडे गेली. नखं बघितली. गळपट्टी उलटून बघितली. गोळ्यांचा डबा उघडून दिवस मोजले. उशी दाबली, चादर हुंगली. घड्याळवाला फडकं पाठीमागे धरून उभा होता, शाळेत पट्टी खायला उभं राहावं तसा.

अप्पांनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "बाई, तुमचा मीटर कुठं बसवलाय?"

तिचा हात क्षणभर थांबला. "आत आहे," ती म्हणाली. "दाखवते. आधी पाणी घ्या."

"आकडा घेतल्याशिवाय पाणी घेत नाही आम्ही."

"बरोबर आहे तुमचं."

मग ती पलंगाच्या कडेला बसली. समोर दार. घड्याळवाल्याच्या पाचावर धारण बसली. तिची नजर चौकटीवर वरून खाली गेली, खालून वर आली.

"चौकट बदललीस?"

"नाही. पुसली."

"अर्धीच?"

"तू लवकर आलीस ना."

ती हसली. खरंच हसली. "माझ्यासाठी चौकट पुसतोस. लहानपणी हातपाय धुवायला तुला मागे लागावं लागायचं." उठून तिनं डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला, बरोबर त्या चार जागांवरून, आणि अंगठा पुढे निघून गेला. सत्तावीस वर्षं तपासणी केलेल्या अंगठ्याला काही लागलं नाही. घड्याळवाल्याच्या हातातून फडकं पडलं.

चहा झाला. ताईनं त्याला पुढच्या खोलीत यायची खूण केली आणि आवाज खाली आणला.

"सगळं नीट ठेवलंयस तू. मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं. एकच गोष्ट सांगते, राग धरू नकोस. ते ट्रकचं वहिनीनं मला सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. तू इथं भिंग लावून बसणार, मागून माणूस निघून गेलं तर कळणार कधी? तू असं कर, त्या दाराला बाहेरून काहीतरी लाव. आडवा दांडा वगैरे. एवढ्या उंचीला." आणि तिनं छातीपाशी हात धरला. "तेवढं केलंस तर ते इथंच राहू देत. नाहीतर मी घेऊन जाते. माझ्याकडे खोलीला बाहेरून कडी बसवून घेतलीय मी, निघायच्या आधीच."

आता बघा, काय वेळ आली. सकाळपासून घाम गाळून जे लपवलं तेच बक्षीस म्हणून समोर ठेवलेलं. एक "बरं" म्हणायचा अवकाश. अप्पा राहणार, ताई खूश, कुणाला काही सांगायला नको. बाजारात नवे कोयंडे मिळतात, स्क्रूही मिळतात.

त्यानं तोंड उघडलं. "बरं" जिभेवर आलंसुद्धा.

"होता," तो म्हणाला.

"काय होता?"

"दांडा. तिथंच. मी बसवला होता आणि मीच काढला. तू चौकट चाचपलीस ना, तिथं आठ भोकं होती. सकाळपासून तीच बुजवतोय."

तो खाली बघत बोलत राहिला, कारण थांबला असता तर परत सुरू झाला नसता.

"पहिले दोन दिवस दार वाजवायचे. हाका मारायचे. मी रेडिओ मोठा करायचो. तिसऱ्या दिवसापासून बंद झालं. मला वाटलं, सवय झाली, बरं झालं. एकोणिसाव्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही म्हणून चारलाच उघडलं, तर हे पलंगावर नव्हते, दाराला लागून खाली बसलेले. कपडे खराब झालेले. उठताना माझे पाय धरले, ताई. म्हणाले, साहेब, आकडा चुकला असेल तर पगारातून कापा, पण मला आता घरी जाऊ द्या, माझा मुलगा वाट बघत असेल. बारका आहे तो."

पुढच्या खोलीत सहा घड्याळं चालत होती.

"तू ने त्यांना," तो म्हणाला. "मी तसा माणूस आहे, म्हणून ने. पण ती कडी लावू नकोस."

ताईनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. मग म्हणाली, "माझी पाळी आठ तासांची असते. तुझे दाजीही घरी नसतात. कडी न लावता मी कसं ठेवणार?"

"मग?"

"मला काय विचारतोस? मी उत्तर घेऊन आले होते. तू ते मोडून ठेवलंस." तिनं डोळे टिपले ते रागानं टिपल्यासारखे. "मला मारावंसं वाटतंय तुला, बारक्या. आणि तू काढलास म्हणून... जाऊ दे. पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे माझी. पंधरा दिवस मी फिरते त्यांच्याबरोबर दुपारी."

"आणि नंतर?"

"नंतरचं मला माहीत नाही. तुला माहीत आहे का?"

दोघं तसेच बसले, परीक्षेत एकच प्रश्न अडलेल्या दोन पोरांसारखे.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. अप्पा वही खिशात घालून, बटणं वरपर्यंत लावून बाहेर आले आणि दोघांकडे न बघता चपला शोधायला लागले. ताई उठली, तिनं चपला त्यांच्या पायांपुढे सरकवल्या, आपल्याही घातल्या. "मी नवीन आहे कामाला," ती म्हणाली. "मला शिकवाल का?"

अप्पांनी तिला आपादमस्तक बघितलं. "चालायची तयारी आहे का?"

"आहे."

"आकडा मोठ्यानं सांगेन. एकदाच सांगेन."

दोघं गेले. घड्याळवाला टेबलापाशी येऊन बसला, भिंग लावलं, एक बायकी मनगटी घड्याळ उघडलं. त्यातला तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरला तर तो सुटून जमिनीवर गेला. तीस वर्षांत असा सुटला नव्हता. बाहेर एक गाडी जोरात ब्रेक लावून थांबली आणि तो ताडकन उभा राहिला. गाडी पुढे गेली, तो बसला. परत उभा राहिला. ताई आहे बरोबर, असं दोनदा स्वतःला बजावलं. मग दुकान तसंच उघडं टाकून, भिंग कपाळावर तसंच ठेवून, बाहेर पडला.

गल्लीच्या तोंडाशी ते नव्हते. त्याची पावलं भरभर पडायला लागली, मग तो पळायलाच लागला, बावन्न वर्षांचा माणूस. वळणापाशी पोचला तेव्हा दिसले. अप्पा एका भिंतीसमोर मान वर करून उभे होते. ताई त्यांची वही हातात धरून लिहीत होती, आणि तिचा दुसरा हात त्यांच्या सदऱ्याच्या मागच्या टोकाला घट्ट धरलेला होता.

"चार, शून्य, सात," अप्पा म्हणाले.

"सात," ताई म्हणाली. "पुढे?"

घड्याळवाला धाप लागलेला तिथंच थांबला. जवळ जावं की जाऊ नये, ठरेना. पुढच्या चौकात मोठा रस्ता होता आणि अप्पांची मान आता तिकडे वळली होती.